सीमाभागातील वृद्धांचा रक्तकर्करोग: वयाच्या सबबीआड हरवणारे निदान

साठी ओलांडलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन आठ-नऊवर आले, तर बेळगाव शहरात काय किंवा खानापूर-निपाणीच्या बाजारपेठेत काय, अनेक दवाखान्यांत पुढचा क्रम ठरल्यासारखा असतो. लोहाच्या गोळ्या, बी-१२ ची इंजेक्शने, एखादे टॉनिक, थकवा फारच असला तर सलाईन, आणि घरी परतल्यावर ‘आता वय झालं, व्हायचंच’ असे समाधान. यांतल्या पुष्कळांना लोहाची किंवा बी-१२ ची कमतरता खरोखरच असते आणि ते बरेही होतात. परंतु काही जणांच्या बाबतीत ही घट अस्थिमज्जेतल्या कर्करोगाची पहिली खूण असते, आणि टॉनिकच्या बाटल्या बदलण्यात जे महिने जातात तेवढ्यात मूत्रपिंडे निकामी होतात, मणके खचतात किंवा न्यूमोनियाचे निमित्त होऊन माणूस दगावतो. वय पाहून तपासणी टाळायची आणि पुढे निदान झालेच तर पुन्हा वय पाहूनच उपचार टाळायचा, ही दुहेरी चूक आपल्याकडे सर्रास होते, आणि दोन राज्यांच्या मध्ये सापडलेली सीमाभागाची आरोग्यव्यवस्था ती दुरुस्त करण्याऐवजी घट्ट करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्ताचा कर्करोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लहान मूल किंवा तरुण माणूस येतो. मुलांमध्ये आढळणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया त्याला कारण आहे. प्रत्यक्षात मायलोमा, तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया, अस्थिमज्जेत सदोष पेशी तयार होण्याचा मायलोडिसप्लेझिया आणि लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे बरेचसे प्रकार वयाबरोबर वाढत जातात. पाश्चात्त्य देशांत मायलोमाचे निदान होते तेव्हा रुग्णाचे मध्यम वय सत्तरीच्या आसपास असते. भारतात ते सुमारे दहा वर्षांनी कमी भरते. आपली लोकसंख्या तुलनेने तरुण आहे, हे या फरकाचे एक कारण झाले. पण आपल्याकडची पंचाहत्तरीतली माणसे निदानापर्यंत पोहोचतच नाहीत, हेही त्यामागे असले पाहिजे. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी आणि घरच्यांनी सारखीच लक्षात ठेवावी अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रक्तक्षयाची जी मर्यादा ठरवली आहे, म्हणजे पुरुषांसाठी १३ आणि स्त्रियांसाठी १२ ग्रॅम, तिच्यात वृद्धांसाठी वेगळी सूट दिलेली नाही.

मायलोमाचे उदाहरण जरा तपशिलाने घेतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे सर्वाधिक हुकणारे निदान हेच आहे. या आजारात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात, एकाच जातीचे प्रथिन रक्तात सोडत राहतात आणि हाडे पोखरतात. त्यामुळे रुग्ण येतो तो पाठदुखीची, अशक्तपणाची किंवा छातीत वारंवार होणाऱ्या संसर्गाची तक्रार घेऊन. उसाच्या मळ्यात किंवा तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेल्या माणसाला या वयात यांतले काहीही होऊ शकते, आणि नेमके येथेच निदान निसटते. पाठदुखीसाठी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या-इंजेक्शने दिली जातात. मायलोमाचे प्रथिन आधीच मूत्रपिंडांत अडकत असते; त्यात वेदनाशामकांची भर पडते आणि मूत्रपिंडांचा बिघाड दाखवणारे क्रिएटिनिन झपाट्याने चढते. साधा एक्स-रे काढला तरी हाडातले सुमारे तीस टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात फारसे काही उमटत नाही. मणका खचलेला दिसलाच, तर ‘हाडे ठिसूळ झालीत’ असे सांगून कॅल्शियम सुरू केले जाते. वास्तविक मायलोमाच्या रुग्णाच्या रक्तात कॅल्शियम अगोदरच वाढलेले असू शकते. पुढे हाच माणूस डायलिसिसला लागतो. तेथे मधुमेह आणि रक्तदाब ही दोन कारणे इतकी हाताशी असतात, की तिसरे कारण शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. वेळीच निदान होऊन उपचार सुरू झाले तर यांपैकी काही रुग्णांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात आणि त्यांचे डायलिसिस सुटते, म्हणून साठीनंतर मूत्रपिंडे अचानक बिघडलेल्या प्रत्येकाची मायलोमासाठी एकदा तपासणी करणे जिल्ह्यातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्राने आपले कर्तव्य मानले पाहिजे.

हे निदान महागड्या यंत्रांअभावी अडलेले नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग), क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि रक्तातली एकूण प्रथिने या तपासण्या तालुक्याच्या गावी होतात. यकृताच्या तपासणीच्या, म्हणजे एलएफटीच्या रिपोर्टात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिनचे आकडे छापलेलेच असतात. पण बिलिरुबिन ठीक आहे एवढे पाहून कागद फाईलमध्ये जातो. ग्लोब्युलिन वाढलेले, ईएसआर शंभराच्या पुढे आणि स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात, तांबड्या पेशींच्या चळती लागलेल्या, एवढे एकत्र दिसले तर प्रथिने वेगळी करून पाहणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीसाठी नमुना बेळगावला पाठवायला आणखी कशाची वाट पाहायची गरज नाही. मायलोडिसप्लेझियाचेही तसेच. बी-१२ ची इंजेक्शने दोन-तीन महिने पूर्ण देऊनही तांबड्या पेशींचा आकार मोठाच राहिला आणि पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स हळूहळू उतरत गेल्या, तर पुढचे इंजेक्शन लिहिण्याऐवजी अस्थिमज्जेची तपासणी सुचवली पाहिजे.

अस्थिमज्जेच्या तपासणीचे नाव काढताच घरात भीती शिरते. मणक्यातले पाणी काढतात, त्याने माणूस लुळा पडतो, ही समजूत गावोगाव आहे. हा नमुना मणक्यातून घेत नाहीत. कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून घेतात, आणि बहुतेक वेळा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. एवढी माहिती त्याच्या भाषेत, शांतपणे, दहा मिनिटे बसून दिली तर नकार देणारे पुष्कळ जण तयार होतील. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत मराठी समजणारे कर्मचारी भरपूर आहेत. तरीही संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असते आणि त्यावर अंगठा उमटतो तो नातवाच्या भरवशावर. गोकाक किंवा सौंदत्तीहून मिरजेला गेलेल्या कन्नड भाषक आजीची अवस्था नेमकी हीच असते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण मागणी रुग्णाला कळेल अशा भाषेची आहे, मग ती भाषा कोणतीही असो.

मानेत किंवा काखेत गाठ घेऊन येणाऱ्या वृद्धांची कथा वेगळी, पण तितकीच गंभीर आहे. क्षयरोग आपल्याकडे एवढा आहे की गाठ दिसली, वजन घटले, रात्री घाम येतो म्हटले, की टीबीचा कोर्स सुरू होतो. लिम्फोमाची लक्षणेही हीच असतात. सुईने काढलेल्या थेंबभर नमुन्यावरून लिम्फोमाचा प्रकार नीट ठरत नाही. शक्य असेल तेथे सबंध गाठ काढून तपासावी लागते. त्यातच कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या दिलेल्या असतील तर गाठ तात्पुरती विरघळते आणि बायोप्सीत खरा आजार सापडत नाही. जंतू किंवा ऊतीचा पुरावा हाती नसताना टीबीचा कोर्स सुरू करावाच लागला, तर तो कोणत्या दिवशी थांबवून गाठ काढायची हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

गावोगाव शिबिरे भरवून सरसकट सर्वांचे रक्त तपासा, अशी माझी मागणी मुळीच नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची चाचणी होते, कारण तेथे लवकर सापडण्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. रक्तकर्करोगाचे तसे नाही. अमेरिकेतल्या एका काउंटीत झालेल्या प्रसिद्ध पाहणीत पन्नाशीपुढच्या सुमारे ३ टक्के लोकांच्या रक्तात मायलोमासारखे प्रथिन आढळले, पण त्यांच्यातल्या दरवर्षी साधारण एकाच टक्क्याला प्रत्यक्ष आजार होतो. ठणठणीत माणसांना अशा रिपोर्टांनी घाबरवून सोडणे हा अन्याय होईल. तपासायचे ते ज्याला लक्षणे आहेत त्याला. ‘वयोमानानुसार’ हा शेरा सर्व कारणे तपासून झाल्यावरच लिहावा.

आता उपचाराकडे वळू. ‘या वयात केमो सोसणार नाही’ हे वाक्य आपल्या घरांत, आणि कधी कधी डॉक्टरांच्या खोलीतही, न तपासता उच्चारले जाते. रक्तकर्करोगाच्या बाबतीत ते आज पुष्कळ अंशी कालबाह्य झाले आहे. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाला इमॅटिनिबची गोळी रोज घरी घ्यायची असते आणि तिच्या जोरावर बहुसंख्य रुग्ण जवळजवळ नेहमीइतके आयुष्य जगतात. ग्लिव्हेक नावाने विकल्या जाणाऱ्या याच औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखाच्या घरात होता आणि भारतीय जेनेरिक आठ-दहा हजारांत मिळत होते. मायलोमासाठी लागणारे बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइडही आज भारतीय कंपन्या बनवतात. पंचाहत्तरीपुढच्या रुग्णाला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची आठवड्याची मात्रा ४० ऐवजी २० मिलिग्रॅम द्यावी, बोर्टेझोमिब आठवड्यातून एकदाच आणि त्वचेखाली द्यावे, सोबत नागीण होऊ नये म्हणून गोळी द्यावी, हे आता प्रस्थापित झालेले आहे. ऐंशीपुढच्या लिम्फोमाच्या रुग्णांना नेहमीच्या केमोची मात्रा कमी करून रिटुक्सिमॅबसह देण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ५९ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा यांतला सर्वांत कठीण आजार. तेथेही जोरकस केमो न सोसणाऱ्या रुग्णांत ॲझासायटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स एकत्र दिल्याने मध्यम आयुर्मान ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेल्याचे २०२० मधील अभ्यासात दिसले. पाच महिन्यांची ही वाढ फार मोठी आहे असे मी म्हणणार नाही. ती घ्यायची की नाही, हे मात्र त्या माणसाने ठरवायचे आहे, आणि त्यासाठी ती त्याला कोणीतरी सांगायला हवी.

सोसवेल की नाही, हे जन्मतारखेवरून कळत नाही. बहात्तरीचा एक शेतकरी रोज शेतावर चालत जातो; त्याच वयाच्या दुसऱ्या माणसाला दहा गोळ्या, तोल जाणे, विसरभोळेपणा आणि घरात सांभाळायला कोणी नसणे या सगळ्यांनी वेढलेले असते. या दोघांना एकच उपचार देणे चूक आणि दोघांनाही नाकारणे चूक. यासाठी वृद्धांचे सर्वांगीण मूल्यमापन नावाची पद्धत आहे: चालण्याचा वेग, खुर्चीतून उठता येणे, वजनातली घट, स्मरणशक्ती, मनःस्थिती, आधीचे आजार, चालू औषधे, अंघोळ-जेवण-बाजार स्वतः करता येतो का, घरी कोण असते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली ६५ वर्षांपुढच्या, केमो घेणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी ते सुचवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सत्तरीपुढच्या रुग्णांचे असे मूल्यमापन डॉक्टरांच्या हाती दिले गेले, तेव्हा उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले. त्या चाचणीत लिम्फोमाचेही रुग्ण होते. हे काम प्रशिक्षित परिचारिका अर्ध्या-पाऊण तासात करू शकते. त्याला यंत्र लागत नाही, म्हणूनच कदाचित त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की अनावश्यक उपचारही तितकाच घातक असतो. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाचे अनेक वृद्ध रुग्ण वर्षानुवर्षे केवळ देखरेखीखाली राहू शकतात. पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा दिसला एवढ्यावरून औषध सुरू करणे योग्य नव्हे. अगदी थकलेल्या रुग्णाच्या बाबतीत रक्त चढवणे, वेदना शमवणे, संसर्ग आवरणे हाच उपचार असतो आणि तो मनापासून व्हायला हवा. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. पण रुग्णाला आपला आजारच माहीत नसेल तर आपली इच्छा तो कशी लिहून ठेवणार? ‘आजोबांना सांगू नका, ते खचतील’ ही विनंती प्रेमापोटी येते, हे मी जाणतो. तरीही ज्या माणसाने घरातली लग्नकार्ये ठरवली, शेतीच्या वाटण्या केल्या, त्याला त्याच्याच देहाविषयीच्या निर्णयातून वगळण्याचा अधिकार मुलाला नाही आणि डॉक्टरला तर नाहीच.

सीमाभागाचा खास प्रश्न यानंतर सुरू होतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, कागवाड तर मिरजेला लागूनच. पण कर्नाटकाच्या आरोग्य योजनेतली संदर्भाची वाट बेळगाव, हुबळी आणि शेवटी सुमारे ५०० किलोमीटरवरच्या बेंगळुरूच्या किडवाई या सरकारी कर्करोग संस्थेकडे जाते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, तेही दीड लाखांच्या मर्यादेत. त्यासाठी आधी सरकारी रुग्णालयाचे संदर्भपत्र लागते. दुसरीकडे महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्याला जाहीर विरोध केला. सीमाप्रश्नी माझी मते ठाम आहेत आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण मायलोमा झालेल्या माणसाला न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबता येत नाही. महाराष्ट्राचे कार्ड घेऊन आलेल्या रुग्णाचा उपचार हा कर्नाटकाच्या सार्वभौमत्वावर घाला ठरत नाही, आणि बेळगावच्या रुग्णालयात उपचार घेतल्याने कोणाचा मराठीपणा उणावत नाही. आयुष्मान योजनेच्या मूळ आराखड्यातच राज्याबाहेर उपचार घेण्याची तरतूद आहे. ती कोल्हापूर-सांगली आणि बेळगाव यांच्यामध्ये दोन्ही दिशांनी खरोखर चालावी, राज्याने आपल्या खर्चाने जोडलेल्या कुटुंबांनाही ती मिळावी, यासाठी दोन्ही सरकारांनी करार करावा. प्रवासाचेही तसेच आहे. महिलांना मोफत बसप्रवास देणाऱ्या कर्नाटकाच्या शक्ती योजनेत हुबळीला मोफत जाणाऱ्या आजीला कोल्हापूरला जाताना तिकीट काढावे लागते, आणि एसटीची ज्येष्ठांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीत संपते. कर्करोगाच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

अंतर हा या आजारात औषधाइतकाच महत्त्वाचा घटक आहे. ॲझासायटिडिन प्रत्येक २८ दिवसांच्या चक्रात सलग सात दिवस द्यावे लागते. कणकुंबी किंवा जांबोटीच्या बाजूच्या माणसाने जुलैच्या पावसात सात दिवस बेळगावला ये-जा कशी करायची? मुले पुण्यात, गोव्यात, बेंगळुरूत. सोबतीला सत्तरीची बायको. असे रुग्ण दुसऱ्या चक्रानंतर येईनासे होतात आणि कागदोपत्री त्यांनी ‘उपचार सोडले’ अशी नोंद होते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे आणि त्यांपैकी २०० त्याच वर्षी उभारण्याची घोषणा झाली. बेळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ४७ लाखांच्या पुढे होता. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला सिव्हिलमधले एक केंद्र पुरणार नाही. निदान झालेल्या आणि औषध बसलेल्या रुग्णाची त्वचेखालची इंजेक्शने खानापूर, चिकोडी आणि निपाणीच्या तालुका रुग्णालयांत मिळाली पाहिजेत. त्यासाठी लागते ते एक प्रशिक्षित परिचारिका, त्या सकाळचा सीबीसी आणि बेळगावच्या तज्ज्ञाशी फोनवर बोलणे.

बेळगावात सुरुवात करता येईल एवढी सामग्री आहे. बिम्ससारखे सरकारी महाविद्यालय आहे, १९६३ पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी जानेवारी २०२५ मध्ये केले आहे. या संस्थांच्या पॅथॉलॉजी विभागांनी एक साधा उपक्रम हाती घ्यावा: तीन तालुका रुग्णालयांत वर्षभरात आलेल्या, साठीपुढच्या आणि हिमोग्लोबिन दहाच्या खाली असलेल्या प्रत्येक रुग्णाचा स्मिअर पॅथॉलॉजिस्टने वाचायचा, ग्लोब्युलिन आणि क्रिएटिनिन पाहायचे, कारण सापडले नाही तर त्याला ठरलेल्या दिवशी बेळगावला बोलवायचे आणि तो आला नाही तर आशा कार्यकर्तीमार्फत का आला नाही हे विचारायचे. काचेची स्लाइड बसच्या पार्सलने संध्याकाळपर्यंत बेळगावला पोहोचते. वर्षअखेरीस त्या नोंदवहीत किती मायलोमा, किती ल्युकेमिया, किती केवळ लोहाची कमतरता आणि किती जण वाटेतच गळाले याचे आकडे असतील, आणि ते आकडे दोन्ही राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांपुढे ठेवून डे-केअरच्या खुर्च्या, औषधांचा साठा आणि हद्दीपलीकडच्या कार्डांची मान्यता मागता येईल.